निरंक

सोमवारी अकराच्या आत तालुक्याला कळवायचं असतं:
ताप किती, पुरळ किती, कावीळ किती,
कुणाला कुत्रं चावलं, कुणाचे ढाळ थांबेनात.
काही नसलं तरी कोरं सोडायचं नाही,
लिहायचं, निरंक.
सतरा सोमवार मी निरंक लिहिलं.
त्या एका शब्दापुरतं अक्षर वळणदार झालं माझं.

अठराव्या सोमवारी जैतुनबीच्या दुकानात
आगपेटीला थांबलो, तर ती म्हणाली,
भाऊ, एकादशी कधी हाय?
म्हटलं, अजून नऊ दिवस.
मग साबुदाणा कसा काय संपला माझा?
अन् ग्लुकोजच्या पुड्या, दोन डबे, शनिवारपासून.

फॉर्म खिशात होता, घडी घातलेला.
निरंक लिहून झालं होतं.

गल्लीत कुणी सांगेना.
ज्याच्या त्याला वाटे, आपल्याच घरी.
दारं लोटलेली,
आणि दोरीवर गोधड्या, दोरीवर लुगडी.
आठ दिवसांआड नळ येणाऱ्या गावात
इतक्या गोधड्या कोण धुतं?
मी दोऱ्या मोजत गेलो.

रकाने ठरलेले: नाव, वय, कधीपासून, पाणी कुठलं.
धुरपताबाईला वय विचारलं तर म्हणाली,
"रझाकारात मी रांगत होते, तूच मांड."
मी सत्याहत्तर मांडलं.
पाणी कुठलं?
"सरकारचं," म्हणाली
आणि भिंतीला धरून उठली, पुन्हा परसाकडं.

बाजारच्या गावी डॉक्टर मुंदडांनी
बारा सलाइन लावल्या होत्या. नाव एकाचंही नाही.
"मला कशाला कागदात घेता? उष्णता आहे, तसं लिहा."
उष्णतेला रकाना नाही.

सरपंच रंगनाथराव गाडीवरून उतरलेच नाहीत.
"पेपरात गाव आलं तर
रविवारची सोयरीक मोडंल. पुढच्या आठवड्यात लिही की."
मी एवढंच विचारलं, टाकीत टीसीएल कधी टाकलं?
शेषेरावला विचार.
शेषेराव म्हणाला, संपलंय.
कधी?
"मागच्या ग्रामसेवकाच्या टायमाला."

रात्री वहीच्या मागच्या पानावर गाव काढलं
पेन्सिलीनं: शाळा, मशीद, बौद्धवाडा, टाकी.
एका घराला एक ठिपका.
ठिपके पांगले नाहीत, रांगेला लागले,
खालच्या व्हॉल्व्हपासून पुढं, उताराला.
नळ गुरुवारी आला होता. ढाळ शनिवारपासून.
मधल्या सात दिवसांत रिकामा पाइप काय पितो
ते कुणी बघत नाही.

सकाळी उकरलं.
गटाराच्या पोटाशी सांधा,
सायकलच्या ट्यूबनं बांधलेला.
गाठ मात्र चांगली होती, मन लावून मारलेली.

निरंकवर आडवी रेघ ओढली, बाजूला सही केली.
सव्वीस नावं झाली.
सातव्या ओळीत सम्यक, वय चार.
शेवटचा रकाना, परिणाम.
तिथं तीनच शब्द चालतात:
बरा, संदर्भित, मृत.
पहिल्या दिवशी संदर्भित लिहिलं आणि खोडलं.
परभणीहून फोन येईस्तोवर कोरं ठेवलं.
घुगे साहेब फोनवर तापले,
कोरं सोडायचं नसतं, माहीत नाही का?
म्हटलं, माहीत आहे.

चौथ्या दिवशी तो एस्टीतून उतरला
बापाच्या कडेवर, डोळे मोठे झालेले,
हाताला चिकटपट्टी, ती काढू देईना.
बरा, असं लिहायला गेलो तर
पेन उमटेना. दुसरं मागून आणलं.

आता पुन्हा निरंक जातं. तालुक्याला बरं वाटतं.
मी लिहितो, पण आधी दुकानापुढं थांबतो.
जैतुनबीनं उधारीच्या वहीत मागून एक पान धरलंय.
तिला अक्षर येत नाही, रेघा ओढते.
एक पुडी, एक रेघ. एकादशीला रेघ नाही.
ह्या आठवड्यात तीन.
तीन म्हणजे काय समजायचं? मी विचारतो.
"तीन म्हंजे तीन," ती तराजू पुसत म्हणते,
"जाऊन बघ की."